भुजंगमामांचा पुकारा

धानोरीत कुणाच्या घरी लग्न ठरलं की दोन माणसांकडे आधी निरोप जायचा. एक आचाऱ्याकडे आणि दुसरा भुजंगमामांकडे. आचारी पिंगळीहून यायचा, आणि ऐनवेळी आला नाही तर गल्लीतल्या बायका चुली मांडून वेळ निभावून न्यायच्या. भुजंगमामा आले नाहीत तर मात्र सगळं अडायचं. आहेर पुकारायला दुसरं कोणी नव्हतं.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की मांडवात मधोमध घोंगडं अंथरलं जाई. एका बाजूला नवरा-नवरी बसत, दुसऱ्या बाजूला गुडघ्यावर पटका ठेवून भुजंगमामा. ज्याला आहेर करायचा त्यानं तो स्वतःच्या हातानं पुढं आणायचा. मामा विचारायचे, "कुणाचा आहेर?" आणणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, "माझा." मग त्याच्या कपाळाला कुंकू लागायचं, आणि मामा मान वर करून पुकारायचे, "पेडगावचे रंगनाथराव, यांच्याकडून नवरीला लुगडं आणि खण." आवाज असा की दावणीचे बैल कान टवकारत. वारा बरा असला तर पिंगळी स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीतल्या लोकांनाही धानोरीत कुणी काय दिलं ते कळतं, असं गावातली पोरं म्हणायची. मामा यावर कधी हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

एक पोरगा बाजूला बसून वहीत लिहून घेई, पण वही लग्नानंतर पेटीत जाते आणि पुकारलेलं गावाच्या कानात राहतं. कान महत्त्वाचे, कारण आहेर परत करायचा असतो. ज्याचं नाव पुकारलं गेलं त्याच्या घरी पुढं कार्य निघालं की तितकंच, जमलं तर थोडं जास्त, त्याच्या मांडवात न्यायचं. हा परतीचा आहेर. नाव चुकलं तर परतीचा आहेर चुकीच्या दारात जातो आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं. म्हणून मामा समोर उभ्या नसलेल्या माणसाचं नाव घेत नसत.

"हा आमच्या दाजीचा," म्हणून कुणी पातळ पुढं केलं की ते विचारायचे, "दाजी कुठं हायत?"

"परभणीला. हापिसात."

"मग हापिस सुटल्यावर येऊ द्या. नवरी काय पळून जायली न्हाई."

मांडव हसायचा. पातळ माघारी जायचं.

आपल्या तोंडून खोटं नाव गेलं नाही, ही भुजंगमामांची कमाई. जमीन थोडी, तीही हलकी. घरात दोन बैल, एक म्हैस आणि कडूबाई, जी त्यांच्या आवाजाला अजिबात भीत नसे. या एवढ्या संसारात मिरवावं असं त्यांच्याकडं तेवढंच होतं, आणि ते एकदा डागाळलं होतं.

ती गोष्ट एकोणऐंशी सालची. त्याच्या आदल्या वर्षी विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता. धानोरीत एकही घर जळलं नाही, हे गावकरी छाती पुढं काढून सांगत. भीमनगरच्या बायकांना विहिरीवर घागर बुडवू द्यायची नाही असं त्याच वर्षी ठरलं, हे मात्र कुणी सांगत नसे. त्या बायका तेव्हापासून ओढ्याच्या वाळूत झरा उकरून पाणी भरत. मामांचा बालमित्र किशनराव पंचायत समितीला उभा राहिला तो यावरच. पारावर उभं राहून तो म्हणाला, "मला निवडून द्या. भीमनगरात हापसा पाडतो. पाण्यावरून गावाची अब्रू चाललीय."

किशनरावाकडं पैसा नव्हता. गावानं त्याला द्यायचं ठरवलं, आणि दिलेलं पुकारायला अर्थातच भुजंगमामांना बसवलं. लोक आले. कुणी ज्वारी आणली, कुणी झेंड्याला कापड, कुणी प्रचाराच्या जीपला डिझेल. व्यंकटरावांचे गडीही आले, पोती पाठीवर घेऊन. व्यंकटराव म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. परभणीला आडत, गावात काळ्या रानाचा पट्टा. त्यांचे गडी एवढं देतात याचं मामांना कौतुक वाटलं. विचारलं, "कुणाचा?" गडी म्हणाले, "आमचा." मामांनी पुकारलं.

किशनराव निवडून आला. हापसा मंजूर करून घेतला. मग एके दिवशी व्यंकटरावांनी त्याला आपल्या ओसरीवर बोलावून चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "किशनराव, नावं गड्यांची होती, ज्वारी माझी होती. डिझेलबी माझंच. हापसा कुठं पाडायचा ते मी सांगतो."

हापसा व्यंकटरावांच्या शेतातल्या आखाड्याला, गुरांच्या गोठ्याला लागून पडला. त्यांच्या गुरांना चांगलं पाणी झालं.

किशनराव त्या संध्याकाळी भुजंगमामांच्या खळ्यावर आला. रागावला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "भुजंगा, तू पुकारलंस म्हणून मी मानलं." पुढं सबंध मुदत तो व्यंकटरावांच्या ओसरीची पायरी चढत-उतरत राहिला आणि काही वर्षांनी वारला. भीमनगरच्या घागरी ओढ्यावरच राहिल्या.

त्यानंतर मामांनी लग्नाचे आहेर पुकारले, बारशाचे पुकारले, पण निवडणूक आली की ते बैल शेजाऱ्याच्या हवाली करून कडूबाईला घेऊन पालमला, सासुरवाडीला जायचे. कडूबाई माहेरी सांगायची, "मला दिवाळीनं कधी माहेर दाखवलं न्हाई. निवडणुकीनं दाखवलं."

ब्याण्णव साली पुन्हा पंचायत समितीची निवडणूक लागली आणि धानोरीची जागा बाईसाठी राखीव निघाली. कडूबाईनं पिशवी भरली. मामा धोतराचा काचा मारून एसटीला निघणार, एवढ्यात दारात सरजाबाई उभी राहिली. किशनरावाची बायको. कपाळ मोकळं, पदर डोक्यावर, पायात वहाण नाही.

"भुजंगभाऊ, मी फारम भरलाय."

मामा पिशवी खाली ठेवून बसले.

"गाव मला देतो म्हणायलंय," सरजाबाई म्हणाली. "मी घेईनबी. माझ्याकडं दुसरं काय हाय? पण कुणाचं हाय ते मला घेतानाच ठाव पायजे. यांना लय उशिरा ठाव झालं. माझ्या घरात ना लेक, ना लेकीचं लगीन. ही निवडणूकच माझं कार्य समजा आन आहेर पुकारा. परतीचा मी जिवंत हाय तोवर करीन."

"वैनी, मागच्या टायमाला मीच पुकारलं होतं," मामा म्हणाले.

"म्हणूनच आले. दुसऱ्यानं पुकारलं असतं तर दुसऱ्याकडं गेले असते."

ती गेल्यावर कडूबाईनं पिशवीतली लुगडी काढून परत दांडीवर टाकली. "चला, माहेर बुडालं," एवढंच म्हणाली.

आहेराचा दिवस ठरला. शनिवारी, मारुतीच्या पारावर, दिवसाउजेडी. दोन दिवस आधी नीलम्मा मामांच्या खळ्यावर आली. नीलम्मा गावातल्या किराणा दुकानाची मालकीण, लिंगायताच्या घरची. नवरा वीरुपाक्ष गेल्यापासून दुकान तीच सांभाळायची, आणि दुकानाच्या फळीवर बसून तिला सगळा रस्ता दिसायचा.

"भुजंगअण्णा, व्यंकटरावाचा पुतण्या बन्सीधर पोत्यांना सुतळी मागायला आला होता," ती म्हणाली. "चार पोती शिवायलाय. चार गडीबी निवडलेत. त्यातल्या मुंजाजीला पढवायलाय, 'माझी ज्वारी, माझी ज्वारी' म्हणून. किशनरावाच्या टायमाला जमलं, तेच आता सरजाबाईला लावायलेत. इधवा बाई, बसवली तशी बसंल, असं वाटायलंय त्यांना."

नीलम्मा गेली. मामा नुसतेच ज्वारीच्या राशीकडं बघत बसले. कडूबाई समोर सूप घेऊन पाखडत होती.

"मी घेतच न्हाई ती पोती," मामा म्हणाले.

"काय म्हणून न्हाई म्हणताव?"

"व्यंकटरावाची हायत म्हणून."

"मुंजाजी म्हणणार, माझी. मग?"

मामांनी राशीतले दाणे मुठीत घेतले. अडचण तीच होती. चारचौघांत मुंजाजीला खोटा पाडायचा, म्हणजे त्याचं साल मोडायचं. तो व्यंकटरावांकडं वर्षाच्या बोलीवर राबत होता. घरात म्हातारी आई, पाठची बहीण गेल्या वर्षीच उजवलेली, आणि आता स्वतःची पोरगी मोठी होत चाललेली. आणि ज्वारीच्या दाण्यावर काय नाव असतं? कुणाच्या राशीतलं पोतं हे कुणी सांगावं आणि कसं शाबीत करावं?

कडूबाई सूप आपटता आपटता म्हणाली, "आपल्या थोरलीच्या लग्नात काय झालं आठवतंय का? व्यंकटरावाला यायचा कंटाळा. त्यानं मुंजाजीच्या हातानं लुगडं धाडलं. तुमी डोळे वटारून इचारलं, कुणाचा आहेर. ते बिचारं घाबरलं आन म्हणालं, माझा."

"हां. मी पुकारला की, मुंजाजीचा म्हणून."

"मग गेल्या साली त्याच्या बहिणीच्या लग्नात परतीचं लुगडं आपण कुणाला केलं?"

"मुंजाजीला."

"व्यंकटरावाला केलं का?"

"त्याला कामून करायचं? नाव मुंजाजीचं पुकारलं होतं."

कडूबाईनं सूप थांबवलं नाही. भूस उडत राहिलं, दाणे सुपात राहिले. मामांनी तिच्याकडं बघितलं, मग राशीकडं, मग पुन्हा तिच्याकडं. आणि कितीतरी दिवसांनी ते हसले, एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या रानातला माणूस विचारायला आला, काय झालं म्हणून.

शनिवारी सकाळी, पारावर जायच्या आधी, मामांच्या दारात बायनाबाई येऊन थांबली. भीमनगरची. व्यंकटरावांच्या रानात निंदायला, वेचायला जाणाऱ्या बायकांची ती म्होरकी. पदरात पायलीभर ज्वारी बांधलेली होती.

"दादा, माझंबी घ्या."

मामांनी इकडं तिकडं बघून आवाज खाली आणला. "बायना, ज्वारी घेतो. पण नाव पुकारत न्हाई. तू सरजावैनीला दिलं हे बन्सीधरनं ऐकलं की सोमवारपासून तुला रानात घ्यायचा न्हाई. माझ्या ध्यानात राहील, वैनीच्या राहील. बास झालं."

बायनाबाई बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "तुमच्या थोरलीच्या लग्नात मी खण आणला होता."

"हो," कडूबाई आतून म्हणाली. "हिरवा."

"मांडवाच्या बाहेर ठेवून घेतला. पुकारला न्हाई. आमचे कुणाचेच पुकारत न्हाईत. पुढं माझ्या पोराचं लगीन झालं. तुमी आलाव का परतीचा घेऊन?"

मामांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

"तुमी वाईट हाव म्हणून न्हाई आलाव," बायनाबाई म्हणाली. "नाव कानावर पडलं न्हाई, म्हणून ध्यानात राह्यलं न्हाई. एवढी वर्सं मी तुमच्या गावाच्या लग्नात देत आले, आन धानोरीत माझ्या नावानं काहीच दिलेलं न्हाई. सोमवारचं मी बघीन. तुमी पुकारा. अर्धं न्हाई, पुरं."

कडूबाई बाहेर आली. तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता, पारावर न्यायचा. तिनं तो तिथंच उघडला आणि बायनाबाईला कुंकू लावायला हात पुढं केला. बायनाबाई मागं सरली.

"इथं न्हाई वैनी. तिथं."

पारावर गाव जमलं होतं. सरजाबाई पदर सावरून घोंगड्यावर बसलेली. एका अंगाला नीलम्मा दुकानातलं माप घेऊन. पुढं पोरं, मागं बाया, आणि पिंपळाच्या बुंध्याला टेकून बन्सीधर, टेरिकॉटच्या बुशकोटात, हातात किल्ल्यांचा जुडगा फिरवत.

भुजंगमामांनी पटका गुडघ्यावर ठेवला आणि आधी दस्तूर सांगितला. "हा आहेर हाय. लग्नात चालतं तेच इथं चालंल. ज्याचा हाय त्यानं सवताच्या हातानं आणायचा, सवताच्या तोंडानं सांगायचं. लपून घेणार न्हाई, दुसऱ्याच्या वतीनं घेणार न्हाई. ज्याचं नाव पुकारलं जाईल, सरजावैनी त्यालाच परतीचा करतील आन त्याचाच शब्द मानतील. दुसऱ्या कुणी मागून येऊन 'ते माझं होतं' म्हणलं, तर गाव त्याला ओळखत न्हाई. कबूल?"

"कबूल," गाव म्हणालं. बन्सीधरनंही मान हलवली. त्याला यात वावगं काही दिसलं नाही.

पहिला आहेर मानाचा असतो. लग्नात तो नवरीच्या मामाचा. आज पहिला कुणाचा, म्हणून लोक एकमेकांकडं बघू लागले. भीमनगरच्या बाया नेहमीप्रमाणं पाराच्या खाली, कडेला उभ्या होत्या. भुजंगमामांनी तिकडं बघितलं आणि जरा सरकून बसले. बायनाबाई वाट काढत वर आली. तिनं पदराची गाठ सोडली. नीलम्मानं माप पुढं केलं.

"कुणाचा आहेर?" मामांनी विचारलं.

"माझा."

कडूबाईनं कुंकू लावलं. मामा उभे राहिले. बसून पुकारायची त्यांची सवय, पण त्या दिवशी उभे राहिले.

"भीमनगरच्या बायनाबाई सखाराम खिल्लारे, यांच्याकडून सरजाबाईंना पायलीभर ज्वारी. मानाचा आहेर."

पिंपळावरचे पारवे उडाले. बायनाबाई मान वर करून उभी होती. आवाज सगळ्या दिशांनी जाऊन येईपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि मगच खाली उतरली.

"मामा," बन्सीधर बुंध्याला टेकूनच म्हणाला, "हा मानाचा? पायलीभर?"

"ज्याचं पाणी अडलं त्याचा मान आधी," मामा म्हणाले. "तुमचं पाणी कुठं अडलंय बन्सीधरराव? तुमच्या म्हशीबी हापशाचं पितात."

लोक हसले. बन्सीधरचा जुडगा थांबला, पुन्हा फिरू लागला.

मग रांग लागली. कुणी ज्वारी, कुणी तूर, कुणी कापड. पेडगावच्या रस्त्यानं सायकलवरून पत्रकं वाटायचं एकानं कबूल केलं, तर तेही पुकारलं. नीलम्मानं गूळ दिला आणि "आमच्या वीरुपाक्षाच्या नावानं पुकारा," म्हणाली, तर मामांनी तिलाही अडवलं. "अक्का, वीरुपाक्ष शिवाजवळ गेले. परतीचा तिथवर पोचवणार कोण?" नीलम्मा पुटपुटत म्हणाली, "बरं बाबा, माझ्या नावानं घे." ज्यांना दुसऱ्यांच्या वतीनं द्यायचं होतं ते घरी जाऊन त्या दुसऱ्यांना घेऊन आले. एक म्हातारा तर खाटेसकट आला.

दुपारच्या सुमाराला बंडी आली. वर चार पोती, मागं चार गडी. बैल व्यंकटरावांचे, शिंगांना त्यांच्याच रंगाची शेंबी. त्या बैलांची ओळख धानोरीत कुणाला विचारायची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. सरजाबाईनं मामांकडं बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हाही अशीच पोती, असेच गडी आले होते.

मामांनी हातानं तिला थांबा असं खुणावलं.

मुंजाजी पहिला. पाठीवरचं पोतं त्यानं घोंगड्यावर टेकवलं. कपाळाचा घाम पुसला.

"कुणाचा आहेर?"

मुंजाजीनं पिंपळाकडं बघितलं. बन्सीधरनं बारीक मान हलवली.

"माझा, मामा."

"तुझाच?"

"माझाच."

"मुंजाजी, नीट ऐक. मी पुकारलं की हे पोतं तुझं झालं. उद्या तुझ्या लेकीचं लगीन निघालं की सरजावैनी भरलेलं पोतं तुझ्या मांडवात आणतील. तुझ्या. समदं गाव बघंल. कबूल हाय?"

मुंजाजीनं पोत्यावर हात ठेवला. मग त्याला ते लुगडं आठवलं असावं. गेल्या वर्षी बहिणीच्या लग्नात भुजंगमामांनी त्याच्याच नावानं परत केलेलं, नवंकोरं, मालकाच्या लुगड्याहून बऱ्या काठाचं. त्याच्या तोंडाची एक बाजू हळूच वर गेली.

"कबूल हाय. येऊ द्या की."

मागचे तिघं एकमेकांना कोपरानं ढोसू लागले.

आता बन्सीधर बुंध्यापासून सुटला. "मामा, एक मिनिट. हे परतीचं कशाला मधी आणायलाव? निवडणूक हाय ही, लगीन न्हाई."

"सकाळी कबूल म्हणालाव तुमी."

"तसं न्हाई. पण पोतं..."

"पोतं काय?" मामा शांतपणे म्हणाले. "मुंजाजी म्हणायलाय त्याचं हाय. तुमचं काही म्हणणं असलं तर सांगा. पोतं तुमच्या चुलत्याचं असलं तर तसं सांगा, मी व्यंकटरावांच्या नावानं पुकारतो. त्यांना मात्र सवता यावं लागंल. हितं बसून कुंकू लावून घ्यावं लागंल आन गावासमोर सांगावं लागंल, 'माझा.' हाय का तयारी?"

बन्सीधर काय सांगणार? पोतं चुलत्याचं म्हणावं तर चोरून दिल्याचं उघड होतं, मुंजाजीचं म्हणावं तर पोतं जातं. बायांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "बोला की मालक, नवरी ताटकळलीय." पार हसण्यानं हलला. बन्सीधरनं जुडगा खिशात टाकला आणि म्हणाला, "मुंजाजीचंच हाय. माझा काय संबंध?"

"गवाही झाली," मामा म्हणाले, आणि पुकारलं. चारही नावं एकामागून एक, बापाच्या नावासकट. असा पुकारा धानोरीनं त्याआधी ऐकला नव्हता. शेवटच्या नावाला आवाज जरा फाटला, पण मामांनी तो सावरला.

रिकामी बंडी घेऊन बन्सीधर गेला. बैलांना काही कळलं नाही, ते नेहमीच्याच चालीनं गेले.

मामा म्हणाले होते तसाच सोमवार आला. बायनाबाईला रानात घेतलं नाही. त्या दिवशी भीमनगरच्या बाकी बायाही रानात गेल्या नाहीत. व्यंकटरावांचा शेवटचा कापूस बोंडातून लोंबायला लागला, वाऱ्यानं मातीत पडू लागला, तेव्हा बन्सीधर भीमनगरच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. "चला गं, पुरे झालं आता," म्हणाला. "नावानं बोलवा," बायनाबाई ओट्यावरून म्हणाली. त्यानं बोलावलं. मग त्या गेल्या.

सरजाबाई निवडून आली. गुलाल उधळला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी व्यंकटरावांचा निरोप आला, ओसरीवर चहाला या म्हणून. सरजाबाईनं भुजंगमामांना बरोबर घेतलं. त्या पायऱ्या तिला ठाऊक होत्या, नवऱ्याला खाली मान घालून उतरताना तिनं कितीदा बघितलं होतं. ती वर चढली, पण बसली नाही.

व्यंकटराव तक्क्याला टेकले होते. "सरजाबाई, अभिनंदन. आता ती पोती..."

"कोणती?" सरजाबाई म्हणाली. "मुंजाजीचं का? त्याच्या पोरीचं लगीन ठरलं की पोचतं करीन. बाकी तिघांचंबी ध्यानात हाय. तुमच्या नावानं काही पुकारलेलं मला आठवत न्हाई. भाऊ, तुमाला आठवतंय का?"

"न्हाई," भुजंगमामा म्हणाले. "व्यंकटराव, तुमचा आहेर राह्यलाच. आलावच न्हाई तुमी."

चहा आला होता. सरजाबाईनं तो घेतला नाही. ती आली तशीच, मान वर करून, पायऱ्या उतरली. त्यांच्यामागून उतरताना भुजंगमामांना वाटलं, किशनराव शेजारून चालतोय. त्यांनी बाजूला बघितलंही.

त्या उन्हाळ्यात भीमनगरच्या तोंडाशी बोअरची गाडी लागली. दिवसभर खडखडाट, पांढऱ्या दगडाची धूळ, मग ओली माती, मग पाणी. हापशाचा दांडा पहिल्यांदा कुणी हाणायचा यावर वाद झाला नाही. बायनाबाईनं हाणला. पाणी सरजाबाईच्या पायावर पडलं.

मुंजाजीच्या पोरीचं लग्न चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात निघालं. त्याच वर्षी जानेवारीत विद्यापीठाचं नाव ठरलं होतं, सोळा वर्षं अडलेलं. मतदाराला म्हणे आता फोटो चिकटवलेलं ओळखपत्र मिळणार, अशीही बातमी रेडिओवर होती. पोरं भुजंगमामांना चिडवत, "मामा, तुमचं काम गेलं. आता फोटो बघून ओळख पटणार."

"पटू द्या," मामा म्हणायचे. "फोटोला कुंकू लावा आन इचारा, कुणाचा म्हणून. बोलला तर मला सांगा."

लग्नाला व्यंकटराव आले होते. गड्याच्या घरचं कार्य, मालकाला यावं लागतं. त्यांना खुर्ची दिली होती. घोंगडं अंथरलं, भुजंगमामा बसले. सरजाबाई पुढं आली. मागं दोघांनी भरलेलं पोतं उचलून आणलेलं, वर लाल फडकं बांधलेलं.

"कुणाचा आहेर?"

"माझा. परतीचा."

मामांनी मान वर केली. खुर्चीवरच्या माणसाकडं बघितलं नाही, बघायची गरजही नव्हती.

"धानोरीच्या सरजाबाई किशनराव, यांच्याकडून मुंजाजीला भरल्या पोत्याचा परतीचा आहेर. मुंजाजीनं दिलं होतं, मुंजाजीला पोचलं."

मुंजाजी मांडवाच्या खांबाजवळ उभा होता. पोरीच्या बापानं लग्नात रडू नये म्हणतात, तो हसत होता. व्यंकटरावांनी पानाचा विडा तोंडात घातला आणि तो चघळणं पुष्कळ वेळ चाललं.

भुजंगमामा पटका सावरून पुढच्या आहेराकडं वळले. मांडवाच्या आत, घोंगड्याच्या कडेला, बायनाबाई हिरवा खण घेऊन रांगेत उभी होती. तिचा नंबर यायला वेळ होता. मामांनी तांब्यातल्या पाण्याचा घोट घेतला, घसा मोकळा केला.